आश्रिताची साक्ष

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडगंची हे गाव लागते. २००९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर येथे आहे, आणि दूरदूरच्या प्रांतांतील विद्यार्थी तेथील वसतिगृहांत राहतात. मराठी माणसाला मात्र हे गाव ओळखीचे आहे ते ‘गुरुचरित्रा’मुळे. त्या ग्रंथातील सायंदेव हा कडगंचीचा, असे परंपरा सांगते; आणि ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर हा त्याच सायंदेवाच्या कुळातला. ग्रंथाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात सायंदेवाच्या सेवेची परीक्षा वर्णिली आहे. गाणगापूरच्या संगमावर रात्रीच्या वेळी वादळपाऊस सुटतो. गुरूंपाशी सायंदेव एकटाच असतो. तो आपल्या वस्त्राने त्यांना जपतो, आणि पुढे त्यांच्या आज्ञेवरून काळोखात गावाकडे अग्नी आणावयास जातो. या कथेचा पारमार्थिक अर्थ भाविक जाणतात. तीत व्यवहारातले एक सत्यही सामावलेले आहे. सेवेची परीक्षा दिवसाढवळ्या, चार लोकांच्या देखत होत नाही. ती रात्री होते, पाऊस कोसळत असता होते, आणि त्या वेळी पाहावयास कोणी नसते.

परंतु मनुष्याच्या सगळ्याच संस्था सायंदेवाच्या भरवशावर चालविता येत नाहीत. अनाथ मूल, मनोरुग्ण, अपंग, निराधार स्त्री, थकलेला वृद्ध यांना ज्या घरात ठेवले जाते, त्या घरात रात्री काय घडते हे समाजाला कसे कळावे? आश्रयगृहांच्या तपासणीचा इतिहास हा या एका प्रश्नाचा इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका नीरस नाही.

या सीमाभागात आश्रय देण्याची परंपरा फार जुनी आहे. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर, गाणगापुरी, आजारी आणि दुःखी माणसे दिवसच्या दिवस येऊन राहतात; माधुकरी मागतात, धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी टाकतात. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांनी चालविलेला दासोह प्रसिद्धच आहे. आल्यागेल्याला तेथे अन्न मिळत असे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा प्रत्येक क्षेत्री अन्नछत्रे होती, मठ होते, धर्मशाळा होत्या. त्यांची तपासणी कोणी करीत नसे, आणि तशी गरजही फारशी भासत नसे. याचे कारण त्या काळची माणसे अधिक धर्मशील होती, असे मानण्याचा मोह होतो; परंतु खरे कारण अधिक साधे आहे. धर्मशाळेचे दार उघडे असे. जेथे अन्न वाईट किंवा वागणूक अपमानाची, तेथून आश्रित उठून चालू लागत असे. त्याचे जाणे हाच त्या जागेविषयीचा अभिप्राय होता.

एकोणिसाव्या शतकात निराळ्या प्रकारची आश्रयस्थाने उभी राहिली. त्यांना भिंत होती, अधीक्षक होता, नोंदवही होती आणि पुष्कळदा कुलूपही होते. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाने औद्योगिक शाळा निघाली व तीत गुन्हेगारीकडे वळलेली मुले ठेवण्यात येऊ लागली. पुढील दशकात पुण्यात ससून यांच्याच देणगीतून अपंग व निराधारांसाठी गृह झाले. पुणेकर त्याला ‘निवारा’ म्हणून ओळखतात. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम सुरू झाला, आणि त्यानंतर लगेच आलेल्या १८७६-७७ च्या दुष्काळाने अशा संस्थेची आवश्यकता सर्वांना पटवून दिली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ चे, आणि धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाचा आरंभ १८९६ चा. या संस्थांनी असंख्य जीव वाचविले, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. परंतु त्यांच्याबरोबर एक नवी अवस्थाही समाजात आली. आश्रित आता उठून चालू लागू शकत नव्हता. मूल लहान होते, विधवेला जाण्यास दुसरी जागा नव्हती, मनोरुग्णाला कायद्यानेच अडविलेले होते. आश्रिताच्या जाण्यायेण्यातून जो अभिप्राय पूर्वी आपोआप मिळे, तो आता बंद दारामागे राहिला. तो बाहेर आणण्यासाठी कोणी तरी आत जाणे प्राप्त झाले.

हा अनुभव युरोपला आधी आला होता. लंडनच्या बेथलेम या मनोरुग्णालयात १८१४ साली एडवर्ड वेकफील्ड नावाचे गृहस्थ पाहणीसाठी गेले, तेव्हा त्यांना जेम्स नॉरिस नावाचा एक रुग्ण आढळला. गळ्यात लोखंडी कडे घालून ते एका उभ्या गजाला जोडलेले होते, आणि अशा स्थितीत तो दहा वर्षांहून अधिक काळ पडून होता. पुढच्याच वर्षी पार्लमेंटच्या समितीने या प्रकाराची चौकशी केली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या रुग्णालयाला नियामक होते, वैद्य होते, आणि तेही नॉरिसला पाहत होते. ती साखळी त्यांच्या दृष्टीला पडत नव्हती असे नाही. ती त्यांना योग्यच वाटत होती. रोज पाहणाऱ्याला जे दिसेनासे होते, ते बाहेरून आलेल्याला दिसते. या धड्यातून १८४५ मध्ये इंग्लंडात आयुक्तांचे कायम मंडळ नेमले गेले आणि त्यांना पूर्वसूचना न देता अशी गृहे तपासण्याचा अधिकार मिळाला.

हिंदुस्थानात ही कल्पना १८५८ च्या मनोरुग्णालयांविषयीच्या कायद्याने आली. प्रत्येक मनोरुग्णालयासाठी तीनपेक्षा कमी नाहीत इतके ‘भेट देणारे’ नेमावेत, त्यांत निदान एक वैद्यकीय अधिकारी असावा, त्यांच्यापैकी दोघांनी किंवा अधिकांनी दर महिन्याला एकदा तरी एकत्र जाऊन इमारतीचा प्रत्येक भाग पाहावा, शक्य तितक्या प्रत्येक रुग्णाला भेटावे, आणि आपले अभिप्राय त्यासाठी ठेवलेल्या वहीत लिहावेत, अशी ती योजना होती. १९१२ च्या कायद्यानेही हीच घडी कायम ठेवली. योजना कागदावर चांगली होती. प्रत्येक भाग पाहणे, प्रत्येक रुग्णाला भेटणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे, ही तपासणीची तीन अंगे तीत स्पष्ट आहेत. परंतु तुरुंगांचा प्रमुख हा पदसिद्ध भेट देणारा होता, आणि रुग्ण काय सांगतो यापेक्षा इमारत, कपडे, अन्न आणि मृत्यूंचे आकडे यांकडे त्या काळच्या अहवालांचा कल अधिक असे. रुग्ण हा पाहण्याचा विषय होता. त्याची साक्ष घ्यावयाची असते, ही कल्पना अद्याप रुजलेली नव्हती.

त्या वहीचे एक घरगुती भावंड महाराष्ट्रातील संस्थांत फार काळ नांदले. ते म्हणजे शेरेबुक. जुन्या आश्रमांच्या कार्यालयांत लाल कापडी बांधणीचे हे पुस्तक असे. पाहुणे येण्याच्या दिवशी अंगण सारवले जाई, रांगोळी पडे, मुलांना धुतलेले सदरे मिळत, एखादे स्वागतगीत होई, आणि चहाफराळानंतर शेरेबुक पाहुण्यांच्या पुढे ठेवले जाई. संस्था पाहून समाधान वाटले, मुले आनंदी दिसली, चालकांचा त्याग वाखाणण्यासारखा आहे, अशा अर्थाच्या चार ओळी लिहून पाहुणे निघत. यात लबाडी होती असे नव्हे. लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला नामांकितांच्या शेऱ्यांची गरजही होती, कारण त्यांवरच पुढील देणगी अवलंबून असे. दोष इतकाच होता, की पाहुणा दिवसा येई, कळवून येई, आणि चालकांच्या शेजारी उभा राहून मुलांशी बोले. भेट आणि तपासणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शेरेबुकाने पुष्कळांना विसरावयास लावले.

संस्था समाजाला कितपत जबाबदार असावी, याचा वाद मात्र त्या काळीही झाला. शारदासदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. सदनातील मुलींच्या धार्मिक प्रवृत्तीवरून वाद उद्भवला, आणि १८९३ मध्ये या मंडळींनी सल्लागारपद सोडले. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर होती याचा निर्णय आजही एकमताने होत नाही. येथे एवढेच पाहावयाचे, की चालक बोलले, सल्लागार बोलले, वर्तमानपत्रे बोलली. परंतु ज्या विधवांच्या भवितव्याविषयी हा खल चालला होता, त्यांचा शब्द त्या गदारोळात क्वचितच ऐकू आला.

विसाव्या शतकात कायद्याने या क्षेत्रात हळूहळू पाऊल टाकले. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांविषयीचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. त्या वेळी कडगंची आणि कलबुर्गी निजामाच्या राज्यात होती. मुंबई इलाख्याचा कायदा सोलापूरपर्यंत येऊन थांबत असे. सोलापूर आणि कलबुर्गी ही एकाच लोहमार्गावरची स्थानके. तथापि घरातून पळालेले मूल गाडीत बसून पुढे गेले, की त्याच्यावरील कायद्याची सावली बदलत असे. हैदराबाद राज्यात मुलांविषयीचा कायदा १९५१ मध्ये झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी स्त्रिया व मुले यांच्या संस्थांना परवाना आवश्यक करणारा केंद्रीय कायदा संमत झाला, आणि १९६० मध्ये अनाथाश्रम व अन्य धर्मादाय गृहांच्या पर्यवेक्षणाचा कायदा झाला. आश्रम चालविणे हे केवळ पुण्यकृत्य नसून परवान्याने करावयाचे जोखमीचे काम आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले. परंतु परवाना म्हणजे दारावरची पाटी. आतील खोलीचे काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचे उत्तर मुंबईत, आणि तेही तुरुंगाच्या निमित्ताने, पुढे आले. १९८२ च्या मे महिन्यात शीला बारसे या पत्रकार स्त्रीने मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री-बंदींच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्र अर्ज म्हणून स्वीकारले. त्यानंतर न्यायालयाने जे केले ते या इतिहासात मोलाचे आहे. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन या स्त्रियांशी बोलण्यास न्यायालयाने सांगितले. आणि बोलताना तेथे दुसरे कोणीही उपस्थित नसावे, किंबहुना ऐकू येईल इतक्या अंतरावरही कोणी नसावे, अशी अट घातली. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात, शहरातील सत्र न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री न्यायाधीशाने, पोलीस कोठड्यांना वेळोवेळी अचानक भेटी द्याव्यात आणि अटकेतील व्यक्तींना गाऱ्हाणे सांगण्याची संधी द्यावी, असेही सांगण्यात आले. शंभराहून अधिक वर्षे तपासणी म्हणजे ‘पाहणे’ होते. येथे ती ‘ऐकणे’ झाली, आणि ऐकण्यासाठी कोणती व्यवस्था लागते हेही ठरले : सांगणारा एकटा असला पाहिजे, आणि येणारा अवचित आला पाहिजे.

बारसे यांनी हाच प्रश्न मुलांच्या गृहांविषयी उचलला. मानखुर्द येथील निरीक्षणगृहातील मुले कारणाविना दीर्घकाळ अडकून पडतात, त्यांच्याकडून काम करून घेतले जाते, ही त्यांची तक्रार होती. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निर्णय दिला. अशी गृहे चालविणाऱ्यांना मुलांच्या संगोपनाचे शिक्षण असले पाहिजे, मुलांना तेथे गरजेपेक्षा अधिक काळ ठेवू नये, आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी ही शासनाच्या कक्षेत येणारी संस्था असल्याने घटनेतील मूलभूत हक्क तिला बंधनकारक आहेत, असा त्याचा आशय होता. संस्थेचे नाव कितीही मोठे असो, तिच्या चालकांत प्रतिष्ठित माणसे कितीही असोत, तेवढ्याने आश्रिताचा हक्क भागत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

गुणवत्तेच्या पाठोपाठ सुरक्षिततेचा धडा आला, आणि तो फार महाग पडला. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातील एर्वाडी येथे एका दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांना ठेवून घेणारी खाजगी गृहे वाढली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांतील एका गृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जीव गेले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा गृहांना परवाना आवश्यक केलेला होता. तपासणी मंडळात समाजकार्यकर्ते असावेत, दर महिन्याला संयुक्त तपासणी व्हावी, हेही त्या कायद्यात होते. परंतु ज्या गृहाची नोंदच नाही, त्याच्यापर्यंत तपासनीस पोहोचणार कसा? आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. ज्या क्षेत्री दुःखी माणसे शेवटच्या आशेने येतात, तेथे श्रद्धेच्या सावलीत असे व्यवसाय उभे राहू शकतात. एर्वाडीचा हा इशारा सगळ्याच क्षेत्रांना लागू आहे.

आगीच्या बाबतीत एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. निरोगी माणूस दार शोधतो. आश्रित बहुधा शोधू शकत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला रात्री आग लागली, तेव्हा सतरापैकी सात बालके वाचविता आली आणि दहा दगावली. ते आश्रयगृह नव्हते, परंतु अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या गृहातही अवस्था तीच असते. तेथे अग्निशामक नळकांडे भिंतीवर आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. रात्रपाळीला किती माणसे जागी असतात आणि त्यांतील प्रत्येकाला किती जणांना उचलून बाहेर न्यावे लागेल, हे मोजावे लागते.

महाराष्ट्रातील सर्वांत क्लेशदायक प्रकरण पनवेलजवळच्या कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या गृहाचे. गतिमंद मुलांच्या संस्थांची दुरवस्था वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आपण होऊन जनहित याचिका दाखल करून घेतली आणि पाहणीसाठी समिती नेमली. त्या पाहण्यांच्या ओघात २०११ मध्ये कळंबोलीतील अत्याचार उघड झाले, आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला व इतरांना दोषी ठरविले. ज्यांना शब्दांत नीट सांगता येत नाही अशा मुलींचेही म्हणणे, धीराने आणि जाणकारीने ऐकले तर, समजू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. ज्यांना बोलता येते त्यांचे ऐकणे हेही मग अवघड मानण्याचे कारण उरत नाही.

मुलांच्या बाबतीत २०१५ च्या बालन्याय कायद्याने तपासणी समित्यांची रचना घालून दिली. समितीत तिघांपेक्षा कमी माणसे नसावीत, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा, तीन महिन्यांतून एकदा तरी भेट व्हावी, अहवाल आठवड्याच्या आत जावा, अशी ही रचना आहे. तीन माणसे आणि त्यांत एक वैद्य : १८५८ ची आठवण येथे सहज होते. भर पडली ती स्त्रीची. या कायद्याच्या नियमांत एक बारीकशी तरतूद आहे, तिचे महत्त्व अनुभवी माणसालाच कळेल. मुलांसाठीची सूचनापेटी कार्यालयापासून दूर, त्यांच्या राहत्या खोल्यांजवळ असावी, आणि तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असावी. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या टेबलाशेजारी पेटी ठेवली, तर ती रिकामीच राहणार. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या सर्व संस्थांची नोंदणी त्या वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्यास सांगितले.

आणि तरीही त्यानंतर वर्षभरात मुझफ्फरपूरचे प्रकरण बाहेर आले. बिहार शासनाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या पथकाकडे राज्यातील आश्रयगृहांच्या सामाजिक अंकेक्षणाचे काम सोपविले होते. पथकाने एकशे दहा संस्था पाहिल्या. २०१८ मध्ये सादर झालेल्या त्यांच्या अहवालात काही गृहांविषयी गंभीर चिंता व्यक्त करण्यात आली होती, आणि मुझफ्फरपूरच्या मुलींच्या गृहातील अत्याचार त्यामुळेच उजेडात आले. २०२० च्या आरंभी दिल्लीच्या न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरविले. त्यांत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचे अध्यक्ष होते, एक सदस्य होते, आणि बालसंरक्षण अधिकारीही होते. ज्यांनी मुलींचे रक्षण करावयाचे, त्यांच्यापैकीच काही जण गुन्ह्यात सामील होते. तेव्हा तपासणीची वेळापत्रके पाळली गेली की नाही, हा प्रश्न अपुरा ठरतो. तपासणारा कोणाचा बांधलेला आहे आणि तो कोणाशी बोलतो, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

श्रीमंत देशांनाही यातून सुटका नाही. इंग्लंडात सर्व शुश्रूषागृहांवर देखरेख करणारा स्वतंत्र आयोग २००९ पासून काम करीत आहे. तथापि २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात गतिमंद रुग्णांचा होणारा छळ उघडकीस आणला तो बीबीसीच्या गुप्त चित्रीकरणाने. तेथील एका परिचारकाने आयोगाला आधी कळविले होते. त्या सूचनेवर वेळेवर हालचाल झाली नाही, हे आयोगानेच पुढे मान्य केले. निरीक्षक भरपूर असले, नमुने सुबक असले, आणि आतल्या माणसाचा निरोप ऐकला गेला नाही, तर निष्पत्ती तीच होते.

आता राहिला प्रश्न वृद्धांचा, आणि तो येत्या काळात सर्वांत मोठा ठरणार आहे. शहरांत आणि तालुक्याच्या गावीही वृद्धाश्रम निघत आहेत. मुले पुण्याबंगळुरूस किंवा परदेशी आहेत. गावाकडील घराला कुलूप लागले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय करणारा आश्रम राज्य शासनाने उभारावा असे म्हटले, आणि तेथील सेवांची प्रमाणे ठरविण्याचे कामही शासनावर सोपविले. खाजगी वृद्धाश्रमांची नोंदणी व किमान प्रमाणे यांच्यासाठी २०१९ मध्ये सुधारणा विधेयक लोकसभेत आले. परंतु ते संमत न होता २०२४ मध्ये त्या लोकसभेच्या मुदतीबरोबर निकालात निघाले. मुलांसाठी जितकी तपशीलवार तपासणी कायद्यात आहे, तितकी देशभर लागू होणारी तपासणी वृद्धांसाठी अद्याप नाही. वृद्धाची अडचण आणखी नाजूक असते. मुलगा महिन्याने भेटीस येतो, “कसे चालले आहे?” असे विचारतो, आणि म्हातारी आई “बरे आहे” असे सांगते. ती खोटे बोलते असे नाही. मुलाला काळजी लागू नये असे तिला वाटते, आणि तो गेल्यावर आपल्याला येथेच राहावयाचे आहे, हेही तिला ठाऊक असते. म्हणून वृद्धाश्रमात आईवडिलांना ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने स्वतःला तपासनीस समजणे भाग आहे.

अशा तपासनिसाने काय पाहावे? दीडशे वर्षांचा अनुभव त्यासाठी हाताशी आहे. नोंदवहीतील नावे आणि अंथरुणावरची माणसे मोजून ताडून पाहावीत. जेवणाच्या फलकापेक्षा कोठीघर आणि रात्रीचे ताट पाहावे. खाटेला खिळलेल्याची पाठ पाहावी. तिच्यावरील व्रण हा कोणत्याही अहवालाहून बोलका असतो. औषधांची वही, अपघातांची वही आणि मृत्यूंची वही मागावी. मागील दार उघडून पाहावे, आणि ते उघडत नसेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारावे. सेवकांना पगार किती आणि रजा किती मिळते याचीही चौकशी करावी, कारण सोळा तास राबलेल्या माणसाकडून रात्रीच्या शुश्रूषेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. वेळ सांगून एकदा जावे आणि न सांगता दोनदा जावे. आणि शेवटी आश्रिताशी, कोणाच्या कानावर पडणार नाही अशा जागी, घाई न करता बोलावे. पुढच्या खेपेस पुन्हा त्याच माणसाकडे जावे. बोलल्याबद्दल त्याला काही सोसावे लागले का, हे त्याविना कळत नाही.

चांगल्या चालकाला या तपासणीचा राग येण्याचे कारण नाही. शेरेबुकात स्तुती लिहून घेणारा पाहुणा त्याला एका दिवसाचा आनंद देतो. न सांगता येणारा तपासनीस त्याच्या प्रामाणिकपणाला आधार देतो. पुष्कळ सेवाभावी माणसे तुटपुंज्या अनुदानावर आणि उसन्या धान्यावर संस्था चालवितात. त्यांच्या अडचणी वेळेवर वर कळविणे, हेही तपासणीचेच कार्य आहे. केवळ दोष लिहून ठेवणारा आणि पुन्हा न फिरकणारा निरीक्षक निरुपयोगी होय.

या इतिहासाकडे एकत्र पाहिले म्हणजे त्याची दिशा ध्यानात येते. १८५८ च्या मंडळात सरकारी अधिकारी आणि वैद्य होते. १९८७ मध्ये समाजकार्यकर्ते आले. २०१५ मध्ये स्त्रीची उपस्थिती अनिवार्य झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर पुनर्विलोकन मंडळावर मानसिक आजार स्वतः भोगलेल्या व्यक्ती, त्यांची शुश्रूषा करणारे आप्त किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी यांना दोन जागा दिल्या. ज्याला एकेकाळी केवळ पाहिले जाई, तो आता पाहणाऱ्यांच्या शेजारी बसू लागला आहे. ही वाट पूर्ण झालेली नाही. कायदे पुढे गेले आहेत. माणसे नेमणे, भेटी देणे आणि अहवालावर हालचाल करणे यांत राज्याराज्यांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पुष्कळ अंतर आहे. तथापि दिशा योग्य आहे.

कडगंचीच्या सायंदेवाची कथा लोकांनी शतकानुशतके जपली, कारण कोणी पाहत नसताना केलेल्या सेवेचे मोल त्यांना ठाऊक होते. अशी सेवा आजही अनेक आश्रमांत रात्री होत असते. कोणी तरी उठून पांघरूण सारखे करते, कोणी तरी पाण्याचा पेला तोंडाशी धरते. तिचा साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे अंथरुणावरचा आश्रित. जेथे ती होत नाही, तेथेही साक्षीदार तोच. त्याला विचारण्याची रीत समाजाने आता कोठे शिकावयास घेतली आहे. त्याच्याशेजारी बसून, अधीक्षकाला बाहेर थांबवून, रात्र कशी गेली असे विचारावे आणि तो बोलू लागेपर्यंत थांबावे, एवढे काम प्रत्येक भेटीत व्हावयास हवे.